हैबतबाबा आरफळकर

सातारा जिल्ह्यात कृष्णेच्या खोऱ्यात आरफळ नावाचे एक लहानसे गाव आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात या गावी पवारांच्या घराण्यात हैबतराव जन्मास आले. मराठी मुलखातील तरुणांना घरी स्वस्थ बसू देणारा तो काळ नव्हता. मराठ्यांच्या फौजा नर्मदा आणि चंबळ ओलांडून थेट दिल्लीपर्यंत वावरत होत्या. ज्याच्या मनगटात जोर आणि अंगी धाडस असे, तो एखाद्या सरदाराच्या पदरी राही आणि नशीब काढण्यासाठी उत्तरेची वाट धरी. पुष्कळ घरांतून एक भाऊ नांगर धरून मागे राही आणि दुसरा भाला घेऊन घोड्यावर बसे.

हैबतराव असेच ग्वाल्हेरीस गेले आणि शिंद्यांच्या चाकरीत राहिले. महादजी शिंदे १७९४ साली वारले व त्यांच्या मागून दौलतराव शिंदे गादीवर आले. दौलतरावांच्या दरबारी हैबतराव सरदारकीच्या मानापर्यंत चढले. घोडा, तलवार, नोकरचाकर आणि पैसा, सारे काही त्यांना मिळाले. परंतु घराण्यातून आलेली विठ्ठलभक्ती त्यांनी सोडली नाही. ज्ञानेश्वर महाराजांचा हरिपाठ त्यांच्या नित्य पाठात होता. ज्या हाताने तलवार धरावयाची, त्याच हाताने टाळ धरावयाचा, असा त्यांचा क्रम होता.

फौजेत राहून हैबतरावांनी एक विद्या चांगली आत्मसात केली. ती पुढे त्यांना कशी उपयोगी पडली, हे समजण्यासाठी त्या काळच्या फौजेची चाल कशी असे ते पाहिले पाहिजे. फौजेचे कूच म्हणजे एक गावच चालू लागे. सर्वांच्या पुढे बिनीची तुकडी असे. तिच्या मागे नगारा आणि निशाण, मग सरदार, मग पथकांमागून पथके, आणि सर्वांच्या शेवटी पिछाडी सांभाळणारे चंदावल. याशिवाय तंबू वाहणारे, दाणावैरण पुरविणारे, स्वयंपाकी, बाजार मांडणारे व्यापारी असा हजारो माणसांचा लोंढा बरोबर असे. पहाटे नगारा झाला की तंबू उतरावयाचे, ठरल्या क्रमाने निघावयाचे, दुपारी ठरल्या ठिकाणी विसावा घ्यावयाचा आणि सायंकाळी नेमलेल्या तळावर पुन्हा सारे गाव उभे करावयाचे. कोणी कोणाच्या पुढे चालावे, पाणी कोठे भरावे, तंटा झाला तर तो कोणापुढे न्यावा, हे सर्व ठरलेले असे. जेथे हे ठरलेले नसे, तेथे लढाईपूर्वीच फौजेची दाणादाण होई.

या विद्येची एक काळी बाजूही हैबतरावांच्या पिढीने पाहिली. फौज ज्या गावाजवळ उतरे, त्या गावाचे उभे पीक घोडी खाऊन टाकीत. कडबा, लाकूडफाटा, धान्य, जे हाती लागेल ते जाई. धूळ उडताना दिसली की गावकरी गुरेढोरे घेऊन डोंगरात पळत. फौज शत्रूची आहे की आपली, हे पाहत बसण्यास त्यांना सवड नसे. १८०३ साली असईच्या लढाईत इंग्रजांनी शिंदे आणि भोसले यांच्या फौजांचा पराभव केला. लढायांनी मोडलेल्या खानदेशावर त्याच सुमारास मोठा दुष्काळ कोसळला आणि गावेच्या गावे ओस पडली. पुढे १८१८ साली पेशवाई गेली. हैबतरावांनी ज्या राज्यासाठी कंबर कसली होती, ते राज्य त्यांच्या डोळ्यांदेखत लयास गेले.

चाकरी पुरी करून हैबतराव आपली सारी कमाई घेऊन गावाकडे निघाले. त्या प्रवासातील एक हकीकत वारकरी मंडळी आजही सांगतात. सातपुड्याच्या डोंगरातून जात असता भिल्लांच्या एका टोळीने त्यांना गाठले. टोळीने द्रव्य घेतले आणि हैबतरावांना त्यांच्या माणसांसह एका गुहेत कोंडून तिच्या तोंडाशी मोठी शिळा लावली. अंधारात कोंडलेल्या त्या सरदाराजवळ आता ना घोडा होता, ना तलवार. पाठ असलेला हरिपाठ मात्र कोणी हिरावून घेऊ शकत नव्हते. त्यांनी तो म्हणावयास आरंभ केला आणि रात्रंदिवस तो चालू ठेवला. असे एकवीस दिवस गेले. एकविसाव्या दिवशी टोळीच्या नायकाला पुत्र झाला. त्या आनंदात त्याने गुहा उघडविली. आत मेलेली माणसे सापडतील असे त्याला वाटले होते. पण त्याच्या कानी पडले ते भजनाचे सूर. नायकाचे मन पालटले. त्याने हैबतरावांना मोकळे केले व त्यांचे द्रव्यही परत दिले, असे सांगतात.

ही कथा ऐकताना त्या भिल्लांना केवळ लुटारू समजून सोडून देणे बरोबर होणार नाही. डोंगरातील वाटांची राखण करणे आणि त्याबद्दल ठरलेला हक्क घेणे, हा त्यांतील अनेक घराण्यांचा जुना व्यवसाय होता. लढाया आणि दुष्काळ यांनी ती व्यवस्था मोडली, हक्क बुडाले आणि उपासमारीने त्यांना वाटमारीकडे लोटले. ज्या फौजांनी हे घडविले, त्यांपैकीच एका फौजेचा सरदार त्यांच्या हाती सापडला होता.

कथेतील तपशील परंपरेने जपलेला आहे. त्यानंतर हैबतरावांनी जे केले, ते मात्र सर्वांना ठाऊक आहे. ते सुटले ते सरदार म्हणून राहिले नाहीत. मिळविलेल्या धनावर आरफळला वाडा बांधून, चार गडी हाताशी ठेवून उरलेले आयुष्य सुखाने घालविणे त्यांना सहज शक्य होते, आणि त्यात कोणी दोषही दिला नसता. त्यांनी आळंदीची वाट धरली. ज्यांच्या हरिपाठाने आपल्याला अंधारात तारले, त्या ज्ञानेश्वर महाराजांच्या चरणाशी उरलेले दिवस काढावयाचे, असा त्यांचा निश्चय झाला होता. हैबतरावांचे हैबतबाबा झाले.

ज्ञानेश्वर महाराजांनी १२९६ साली आळंदीस इंद्रायणीच्या काठी समाधी घेतली. हैबतबाबा त्या समाधीसमोर नित्य भजन करीत. रात्री शेजारती होऊन देवाचे दार बंद होईपर्यंत ते तेथून उठत नसत, असे सांगतात. परंतु नुसते बसून भजन करणे हा त्यांचा पिंड नव्हता. चालणे आणि चालविणे हे त्यांच्या हाडीमाशी खिळले होते. त्यांचे लक्ष पंढरीच्या वारीकडे गेले.

वारी म्हणजे नेमाने येणे-जाणे. आषाढी एकादशीला पंढरपुरास पायी जाण्याची प्रथा फार जुनी आहे. ज्ञानेश्वरांच्या घराण्यातही ती त्यांच्या पूर्वीपासून होती, असे परंपरा सांगते. पेरण्या आटोपल्या की शेतकरी खांद्यावर पताका आणि कमरेला शिदोरी बांधून निघत. कोणी एकटे जात, कोणी चार घरांची मंडळी मिळून जात. वाटेत नद्या, ओढे, पाऊस, चिखल आणि चोरांचे भय असे. आजारी पडलेल्या माणसाला सोबत मिळेलच, याचा भरवसा नसे.

या विखुरलेल्या वाटचालीला पालखीचे रूप प्रथम दिले ते तुकाराम महाराजांचे धाकटे पुत्र नारायण महाराज यांनी. १६८५ साली त्यांनी देहूहून तुकोबांच्या पादुका पालखीत घेतल्या, आळंदीस येऊन ज्ञानोबांच्या पादुका त्यांच्या शेजारी ठेवल्या आणि दोघांचा जोडीने जयघोष करीत ते पंढरीस निघाले. वारकऱ्यांच्या मुखी ज्ञानोबा आणि तुकाराम ही नावे आजही एका दमात येतात. दोन्ही संतांची ही एकत्र पालखी दीर्घकाळ चालली. पुढे देहूकर घराण्यात हक्क आणि मानपान यांविषयी मतभेद उत्पन्न झाले. देवाच्या कामातही मानपान शिरतो, आणि शिरला की तो वाढतो. तंट्यात बाजू घेऊन आणखी भर घालण्यापेक्षा हैबतबाबांनी वेगळा मार्ग काढला. १८३२ च्या सुमारास त्यांनी ज्ञानेश्वर महाराजांच्या पादुकांची स्वतंत्र पालखी आळंदीहून काढण्यास आरंभ केला.

पालखी काढणे म्हणजे लहानसहान काम नव्हते. तिच्यासाठी तंबू हवे, घोडे हवेत, नैवेद्याची सोय हवी. हैबतबाबांच्या ओळखी दरबारांत आणि सरदारांत होत्या. त्या ओळखी एरवी जहागिरीसाठी खर्ची पडावयाच्या. त्यांनी त्या वारीसाठी वापरल्या. बेळगाव भागातील अंकलीच्या शितोळे सरदारांनी घोडे आणि तंबू दिले. वासकर घराण्यातील वारकरी मंडळी भजनाची बाजू सांभाळण्यास पुढे आली. रथामागे चालणाऱ्या दिंड्यांत वासकरांच्या दिंडीला पहिला मान आहे, तो तेव्हाच्या साहाय्याची आठवण म्हणूनच. शितोळ्यांचे घोडे अजूनही दरवर्षी अंकलीहून निघून सुमारे ३०० किलोमीटर चालत आळंदीस येतात, आणि मग पुन्हा पंढरीची वाट चालू लागतात.

या दोन घोड्यांविषयी मुलांना फार कुतूहल असते. एका घोड्यावर जरीपटका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्यावर खोगीर असते, पण स्वार नसतो. त्यावर स्वतः ज्ञानेश्वर माउली बसलेली आहे, अशी वारकऱ्यांची भावना असते. वाटेत ठरलेल्या मैदानांवर रिंगण होते. लोक गोल किंवा समोरासमोर रांगा करून उभे राहतात आणि मधल्या मोकळ्या वाटेने हे दोन्ही घोडे भरधाव धावतात. ते गेले की त्यांच्या टापांखालची माती कपाळाला लावण्यासाठी माणसांची झुंबड उडते. जरीपटका हे मराठ्यांच्या लष्कराचे मानाचे निशाण. ज्या निशाणामागून एकेकाळी हैबतबाबा रणात गेले, ते निशाण त्यांनी टाळकऱ्यांच्या पुढे नेऊन उभे केले.

सैन्यातील कुचाची सारी रीत बाबांनी अशीच वारीत आणली. सर्वांच्या पुढे नगारा, मग घोडे, मग दिंड्या, मध्यभागी पालखी आणि तिच्या मागे पुन्हा दिंड्या. दिंडी म्हणजे एका फडाच्या किंवा गावाच्या वारकऱ्यांचे पथक. दिंडीतही क्रम ठरलेला आहे. पुढे पताकावाले, त्यांच्या मागे रांगा करून टाळकरी, त्यांच्यात मृदंग वाजविणारे, मग वीणा गळ्यात घेतलेले विणेकरी आणि मागे डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या स्त्रिया. प्रत्येक दिंडीला क्रमांक असतो. आज पालखी रथात असते आणि रथापुढे २७ दिंड्या चालतात. मागच्या दिंड्यांची संख्या तर काळाबरोबर शेकड्यांनी वाढली आहे. तरीही कोणती दिंडी कोठे चालावयाची, हे तेथील साध्या वारकऱ्यालाही ठाऊक असते. पहाटे कोणते अभंग म्हणावयाचे, दुपारी कोणते, सायंकाळी हरिपाठ केव्हा, याचाही क्रम लावलेला आहे, आणि तो लावण्याचे श्रेय परंपरा हैबतबाबांना देते. सकाळी तळ हलविण्यासाठी तुतारीचा तीनदा इशारा होतो. पहिल्या इशाऱ्याला सामान आवरावयाचे, दुसऱ्याला आपापल्या जागी उभे राहावयाचे आणि तिसऱ्याला पाऊल उचलावयाचे. ज्याने फौजेची छावणी पाहिली नाही, त्याला हे सुचणे कठीण होते.

तथापि फौज आणि वारी यांत एक मोठा भेद होता. फौजेत शिस्त मोडणाऱ्याला शिक्षा होई. वारकरी हा कोणाचा चाकर नाही. तो आपल्या पायांनी येतो, आपली भाकरी खातो आणि मनाला वाटेल तेव्हा घरी परत जाऊ शकतो. त्याला चाबूक दाखविता येत नाही की त्याचा पगार कापता येत नाही. मग अशा हजारो मोकळ्या माणसांना एका शिस्तीत ठेवावयाचे कसे? हा प्रश्न अवघड होता, आणि तो कसा सुटला हे सायंकाळच्या तळावर पाहावयास मिळते.

दिवसाची चाल संपून पालखी तळावर येते, तेव्हा सर्व दिंड्या तिच्याभोवती कडे करून उभ्या राहतात. हजारो टाळ एकदम वाजत असतात. मग चोपदार हातातील चांदीचा चोप उंच धरतो. त्याबरोबर टाळमृदंग थांबतात आणि एवढ्या प्रचंड समुदायात शांतता पसरते. परंतु एखाद्या दिंडीवर दिवसभरात अन्याय झाला असेल, तर ती दिंडी थांबत नाही. ती आपले टाळ वाजवीतच राहते. सगळीकडे शांतता असताना एका कोपऱ्यातून येणारा तो टाळांचा आवाज म्हणजेच तक्रार. चोपदार तिकडे जातो, काय झाले ते विचारतो. कोणी वाटेत मध्ये घुसले असेल, कोणाची जागा गेली असेल, कोणाला पाणी मिळाले नसेल. जे असेल ते प्रमुख मंडळींच्या कानी घातले जाते आणि तेथल्या तेथे निवाडा होतो. समाधान झाले की त्या दिंडीचे टाळ थांबतात. त्यानंतर वाटेत हरवलेल्या आणि सापडलेल्या वस्तूंची यादी सर्वांसमक्ष सांगतात. कोणाचा तांब्या, कोणाची पिशवी, कोणाचे पैसे, ओळख पटवून ज्याचे त्याला दिले जाते. दुसऱ्या दिवशी केव्हा निघावयाचे ते पुकारले जाते, आणि मग आरती होते. एका दिंडीची तक्रार उरली असेल, तर सगळ्यांची आरती खोळंबते. लहानातल्या लहान दिंडीला एवढा अधिकार ज्या व्यवस्थेत आहे, तिला हुकमाची गरज कमी पडते.

आळंदीहून पालखीचे प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीला होते आणि आषाढ शुद्ध दशमीला ती पंढरपुरास पोहोचते. वाट सुमारे २५० किलोमीटरांची आहे. पुण्यास मुक्काम करून पालखी दिवे घाट चढते. घाटात रथाला जादा बैल जोडावे लागतात. वर सासवडास ज्ञानेश्वरांचे धाकटे बंधू सोपानदेव यांची समाधी आहे. जेजुरीत खंडोबाचा पिवळा भंडारा पालखीवर उधळला जातो. वाल्हे सोडले की नीरा नदी येते आणि तेथे पादुकांना स्नान घालतात. हैबतबाबांच्या काळी नीरेचे पाणी हीच राज्याची हद्द होती. अलीकडे कंपनी सरकारचा मुलूख आणि पलीकडे साताऱ्याच्या छत्रपतींचा. त्यापुढे फलटण म्हणजे निंबाळकरांचे संस्थान. माणसांनी आखलेल्या या हद्दी पालखीने दरवर्षी ओलांडल्या आणि एकामागून एक त्या हद्दी नाहीशाही झाल्या. लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव आणि शेवटी वाखरी. वाखरीस निरनिराळ्या गावांहून आलेल्या संतांच्या पालख्या एकत्र येतात, आणि तेथून पंढरी हाकेच्या अंतरावर राहते.

ही यादी म्हणजे निव्वळ गावांची नावे आहेत, असे वरवर पाहणाऱ्यास वाटेल. त्या त्या गावच्या माणसांना विचारले तर वर्षातला सर्वांत मोठा दिवस कोणता, हे ते सांगतील. पालखी येण्यापूर्वी रस्ते झाडले जातात, सडे घातले जातात, विहिरींवर पाणी पाजण्यास पोरे उभी राहतात. बायका रात्र जागून भाकऱ्या थापतात, पिठले शिजते. ज्याच्या घरात दोन खोल्या आहेत, तो एक खोली वारकऱ्यांना मोकळी करून देतो. कोणी पाय चेपतात, कोणी फाटलेल्या वहाणा शिवून देतात. एकेकाळी याच मुलखातले लोक धूळ पाहून डोंगरात पळत होते. हैबतबाबांनी तेवढाच मोठा समुदाय, त्याच नगाऱ्यासह आणि त्याच निशाणासह, त्याच गावांजवळ आणून उतरविला. आणि गावे वेशीपर्यंत सामोरी आली. हे आयुष्याच्या उत्तरार्धात स्वतःच्या डोळ्यांनी पाहताना त्या जुन्या सरदाराच्या मनात काय आले असेल, याची कल्पना ज्याची त्याने करावी.

बाबांनी घालून दिलेली घडी सर्व बाबतींत पूर्ण होती, असे मात्र म्हणता येणार नाही. संतांनी सर्वांना एका रांगेत बोलाविले, तरी समाजाने उच्चनीच भाव सोडला नव्हता. अस्पृश्य मानलेले वारकरी तेवढीच वाट तुडवीत पंढरीस येत, पण विठ्ठलाच्या मंदिरात त्यांना पाऊल ठेवू देत नसत. चौदाव्या शतकातील संत चोखामेळा मंदिराबाहेरच राहिले होते, आणि त्यांच्यानंतर सहाशे वर्षे तीच रीत टिकली. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले, तेव्हा ते दार उघडले. रस्त्यावरची शिस्त एका माणसाच्या कर्तबगारीने लागली. मनातली अढी काढण्यास त्याहून पुष्कळ अधिक काळ आणि पुष्कळ अधिक माणसे लागली.

बाबांनी सुरू केलेला क्रम त्यांच्या पश्चातही चालू राहिला. राज्ये बदलली, साथी आल्या, दुष्काळ पडले, तरी पालखी निघत राहिली. २०२० आणि २०२१ साली कोरोनाच्या साथीमुळे लाखोंचा समुदाय एकत्र येणे धोक्याचे होते, म्हणून पादुका एस. टी. बसने पंढरपुरास नेल्या गेल्या. त्या दोन वर्षी वाटेवरील गावांत कोणी उतरले नाही. २०२२ साली पायी वारी पुन्हा सुरू झाली.

हैबतबाबांनी ग्रंथ लिहिला नाही. कीर्तनकार म्हणून त्यांची ख्याती झाली, असेही नाही. पदरचे पैसे आणि अंगातली ताकद वारीत खर्चून त्यांनी आळंदीसच देह ठेवला. पंढरपुरास विठ्ठलमंदिराच्या महाद्वारी नामदेवांची पायरी आहे. संतांच्या पायांची धूळ आपल्यावर पडावी, म्हणून नामदेवांनी ती जागा मागून घेतली, असे म्हणतात. हैबतबाबांनीही आळंदीस तीच जागा पसंत केली. ज्ञानेश्वरमंदिराच्या महाद्वारात, जेथून प्रत्येक वारकरी आत जातो, तेथील पायरीशी त्यांची समाधी आहे. कार्तिकी यात्रेच्या सोहळ्याला आळंदीत आरंभ होतो तो या पायरीच्या पूजनाने.

आषाढीच्या प्रस्थानाच्या दिवशी ज्ञानेश्वर महाराजांच्या पादुका आरफळकरांच्या वंशजांच्या हाती देण्याची रीत आहे. ते त्या पालखीत ठेवतात. मग पालखी मंदिराला प्रदक्षिणा घालून महाद्वारातून, त्या पायरीवरून, बाहेर पडते.